काटा कशाला खोटं बोलंल

...न्हाई न्हाई, हसू नका, पहिलं ऐकून तर घ्या! तुम्हाला सांगतो, माणूस खोटं बोललं तर त्याला चार लोकांत उभं करता येतंय, पोरगं खोटं बोललं तर मी त्याला अंगठे धरायला लावतो, मास्तर हाय मी, साहेबराव गुरुजी, चौथीला गणित शिकवतो... पण मोटारसायकलीचा काटा खोटं बोलायला लागला तर त्याला अंगठे कसे धरायला लावायचे, सांगा बरं?

गाडी चांगली होती हो. इंजन चांगलं, ब्रेक चांगला, हॉर्न तर असा की म्हशी आपणहून बाजूला होयच्या. सगळा घोळ त्या मीटरचा. पुढच्या चाकात एक बारकी दातेरी गरारी असती, चाक फिरलं की ती फिरती, तिच्यातून एक वायर वर येती आन् काटा हलवती. इतकं साधं काम. ती गरारी झिजली म्हणून मी गाडी चाकूरला गुरुपादप्पा मिस्त्रीकडं टाकली, आन् ह्या बाबानं कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीची गरारी काढून माझ्या चाकात बसवली. झालं! गाडी चाळीसनं पळायली आन् काटा म्हणतो साठ! गाडी वीसनं जायली, काटा म्हणतो तीस! किलोमीटरचे आकडे सुद्धा तसेच, दोन झाले की तीन दाखवायचे. 

मी गुरुपादप्पाला म्हणलं, बाबा, हे चुकायलंय. त्यानं पानाची पिचकारी मारली, हात फडक्याला पुसले, आन् मलाच समजावून सांगायला लागला. म्हणं गुरुजी, तुमचं वजन कमी हाय, गाडी हलकी पळती, म्हणून काटा वर जातो. मी म्हणलं, अरे वजनाचा काय संबंध? तर म्हणं, मंग ऊन असंल. उन्हानं लोखंड पसरतंय, काट्याचं काय घेऊन बसला. मी म्हणलं, ते बी राहू दे, काटा सरळ सरळ खोटं बोलायलाय, तू गरारी बदल. तवा त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्याच्या घरच्या देवालाच बोललो. "काटा कशाला खोटं बोलंल, गुरुजी? त्याला काय इलेक्शनला उभं राहायचंय?"

घ्या. 

बरं, घरी तरी सुख असावं, तर तिथं बी न्हाई. आमची सिंधु मागं बसली की माझ्या खांद्यावरून निम्मी पुढं येऊन काटाच बघत बसती. रस्ता न्हाई, झाडं न्हाई, काटा. चाळीस झाले की पदर तोंडात. पन्नास झाले की माझा सदरा मुठीत. साठला टेकला की, "अहो... अहो साठ! लेकरं लहान हायती आपली!" आन् त्याच वेळेला उताराला बाजूनं आमच्या गावचा दूधवाला सायकलवर, दोन कॅनी लावून, शीळ वाजवत पुढं जातो आन् वळून विचारतो, गुरुजी, गाडी बिघडली का? मी तिला म्हणलं, बघ, सायकल आपल्या पुढं गेली, हे साठ असतंय का? तर म्हणती, त्यो बी लई जोरात चालवतो, त्याच्या बायकोला सांगते.

शाळेत तेच. शाळा बारा किलोमीटरवर. आमच्या हेडमास्तरांनी एकदा मागं बसून काटा बघितला होता, साठ. दुसऱ्या दिवशी मला जराक उशीर झाला तर खडू घेऊन फळ्यावर हिशोबच मांडला. साठच्या वेगानं बारा किलोमीटरला बारा मिनिटं. तुम्हाला लागली अठरा. मधली सहा मिनिटं तुम्ही कुठं होता, गुरुजी? चौथीच्या पोरांसमोर! मी म्हणलं, सर, काटा चुकीचा हाय हो. तर म्हणं, काटा कशाला खोटं बोलंल?

तुम्ही म्हणाल, मास्तर, एवढं काय मनाला लावून घेता, नका बघू काट्याकडं. कसं नका बघू? माझा स्वभावच तसा हाय त्याला मी काय करू. दुकानात तराजू जरा कलला तरी मी परत मोजायला लावतो. आन् इथं माझ्याच दोन हातांच्या मधी रोज एक आकडा बसतो, माझ्याकडं टक लावून बघतो आन् बेशरमासारखा खोटं बोलतो. मला तर रातच्याला झोप लागंना.

मंग म्हणलं, आपणच तपासू. रस्त्याला मैलाचे दगड असत्यात, एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत मोजू आन् गुरुपादप्पाच्या तोंडावर मारू. पण आमचं नशीब! जिल्हा नुकताच नवा झालेला. कालपर्यंत आम्ही उस्मानाबादचे, एका दिवसात लातूरचे झालो, गुलाल उधळला, पेढे खाल्ले, फक्त पावसाला कुणी कळवायचं राहिलं असंल, कारण त्यो काय त्या साली नव्या जिल्ह्यात आलाच न्हाई. तर जिल्हा नवा म्हणून दगडांना रंग नवा. बांधकामवाल्यांनी जुनी नावं, जुने आकडे, सगळं पुसून दगड पांढरेफटक केले, आन् आकडे टाकणारा पेंटर सुट्टीवर गेला! चाकूरपासून आमच्या वाडीच्या फाट्यापर्यंत नुसते पांढरे दगड. कुणी कुठं हाय आन् कुठून किती लांब हाय, आख्ख्या जिल्ह्यात कुणालाच ठावं न्हाई.

आता खरी गोष्ट इथून पुढं. त्या उन्हाळ्यात आमच्या वाडीची विहीर आटली. आड आटला. हापसा नुसता हवा ओकायचा. पाणी राहिलं फक्त पंढरीच्या मळ्यातल्या विहिरीला, ते बी तळाला, आन् मळा खाली वढ्याच्या पल्याड. बायका पहाटं निघायच्या, उतरायच्या, खरडून खरडून घागर भरायच्या आन् तेवढाच चढ चढून वर यायच्या. आमची म्हातारी पारूबाई दोनदा घागरीसकट पडली. सरकारचं म्हणणं असं की पाणी दीड किलोमीटरच्या आत असलं तर टँकर मिळणार न्हाई, बाहेर असलं तर मिळंल. झालं, सरपंच शेषेराव आले माझ्याकडं. म्हणले, गुरुजी, गावात मीटरवाली गाडी तुमची एकटीच, चला मोजू. मी म्हणलं, सरपंच, माझं मीटर चुकीचं हाय. ते म्हणले, बसा तर खरं. मोजलं. मीटरवर भरले जवळजवळ दोन किलोमीटर. सरपंच तिथंच विहिरीच्या काठावर नाचायचे बाकी राहिले! मी परत म्हणलं, अहो, ते दोन न्हाईत, ते काट्याचे दोन हायत. तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणले, "काटा कशाला खोटं बोलंल, गुरुजी?"

आन् अर्ज गेला लातूरला.

तवर मला सुट्टी लागली. सिंधुला घेऊन सासुरवाडीला नायगावला गेलो. उतरल्या उतरल्या हिनं पाणी प्यायच्या आधी बापाला सांगितलं, साठनं आणलं मला. झालं! सासरे, म्हणजे आमचे मामा, तसे मितभाषी माणूस, पण त्या दिवशी सगळ्या भावकीसमोर मला विचारलं, जावईबापू, आमची लेक जड झाली का तुम्हाला? तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुष्काळात! मी जेवलो न्हाई, तसाच गाडी काढून नांदेडला गेलो. जुना जिल्हा तो, तिथं दगडांवर आकडे शाबूत. देगलूर नाक्यावर एक मिस्त्री, चाचा, त्यांनी चाक खोललं, गरारी हातात घेतली आन् कपाळाला हात लावला. "मास्टरसाब, ये तो दुसरी गाडी की है. कौन लगाया?" तुम्हाला काय सांगू, कुणीतरी माझं खरं मानलं हो! पहिल्यांदा! चाचांनी बरोबरची गरारी बसवली, ती खोटी गरारी मी गोदावरीच्या पुलावरून खाली फेकली, आन् नायगावातनं सिंधुला घेऊन येताना दगडाला दगड आकड्याला आकडा जुळवत आलो. दगड आला की आकडा बदलला. दगड आला की आकडा बदलला. मी गाडीवर मोठ्यानं गाणं म्हणलं. मागं सिंधु म्हणती, आज लई हळू चालवायलाव, तब्येत बरी न्हाई का?

आन् मी गावात आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी पाणीटंचाई तपासणारे साहेब आले.

साहेब लातूरहून यश्टीनं फाट्यावर उतरले. ऑफिसची जीप दुसऱ्या गावाला गेलेली, ती दुपारी यायची होती. सरपंचांनी मला पाठवलं आणायला. आता बघा, माणसानं गप बसावं की न्हाई? फाट्यापासून वाडीपर्यंत गप गाडी चालवावी की न्हाई? पण न्हाई! सकाळपासून मला कुणी भेटंना ज्याला हे सांगावं. आन् तवर आमच्याकडच्या दगडांवर बी पेंटरनं आकडे टाकलेले. मी सुरू केलं, साहेब, हे मीटर बघा. साहेब, आता दगड येईल, बघा हं... आला! आकडा बदलला! साहेब, कसं एकदम टोकाला टोक! नांदेडहून करून आणलंय, साहेब, लातूर जिल्ह्यात असं मीटर तुम्हाला दुसरं सापडणार न्हाई. साहेब खूश. म्हणाले, वा गुरुजी, अशी माणसं पाहिजेत. मग जीपची वाट कशाला पाहायची? तुमच्याच गाडीनं मोजू.

तुम्हाला सांगतो, तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. तवा! अर्जात दोन लिहिलेले, आन् मीटर आता खरं बोलणार!

वेशीपासून निघालो. मागं साहेब, त्यांच्या मागं आख्खं गाव चालत. मी गाडी रस्त्याच्या या कडंनं त्या कडंला नेऊन बघितली, म्हणलं वळणं घेतल्यानं काही वाढलं तर वाढलं. साहेब म्हणाले, गुरुजी, सरळ चालवा. विहिरीपाशी थांबलो. साहेब वाकले. मीटरवर सव्वा. उगंच वर न्हाई, खाली न्हाई, सव्वा!

मी म्हणलं, साहेब, हे मीटर चुकीचं हाय हो.

साहेब हसले. चांगला माणूस होता, राग बी आला न्हाई त्यांना. माझ्या खांद्यावर हात ठेवला आन् म्हणाले, "गुरुजी, आत्ताच तर म्हणालात. काटा कशाला खोटं बोलेल?"

सरपंच माझ्याकडं बघायले. गाव माझ्याकडं बघायलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पारूबाई विहिरीतून घागर भरून वर आली होती, तिनं ती डोक्यावरून उतरवली सुद्धा न्हाई, तशीच साहेबांपुढं उभी राहिली. "सायेब, तुमी बसून मोजलं. डोईवर भरली घागर घिऊन, ह्यो चढ चढून येकदा मोजा. मंग सांगा किती भरतंय." साहेबांनी मान खाली घातली. म्हणाले, बाई, तुमचं खरं आहे, पण नियमात घागर धरलेली नाही. आन् जीप आली, ते गेले.

मला लई वाईट वाटलं हो. खरंच वाटलं. त्याच सांजला मी चाकूरला गुरुपादप्पाकडं गेलो, त्याचे हात धरले, म्हणलं बाबा, ती तसलीच गरारी परत बसव, साहेबांना परत बोलावतो. तर ह्या माणसानं, ह्यानं, कानाला हात लावला! म्हणं, "गुरुजी, शिकले-सवरले तुमी. असलं खोटं काम मी जिंदगीत केलं न्हाई."

मंग पारावर बैठक बसली. लई वेळ न्हाई लागला. सरपंच म्हणले, सव्वा किलोमीटर म्हणजे गुरुजींच्या मतानं जवळच हाय, गाडी हाय, सुट्टी हाय, तर पाणी गुरुजींनी आणावं. मी म्हणलं, माझं मत न्हाई ते, मीटरचं मत हाय! पण ऐकतंय कोण? आन् सगळ्यांच्या आधी घागर कुणी आणून ठेवली म्हणता माझ्या गाडीपाशी? आमच्या सिंधुनं.

तवापासून हे चालू हाय. दोन्ही बाजूला घागरी बांधायच्या, मागं सिंधुच्या जागी डबडं, मांडीवर कळशी, आन् वढ्यातून वर यायचं. पहिली खेप पारूबाईची, ते मीच ठरवलंय, तिला आता उतरू देत न्हाई मी. काटा दहाच्या वर जात न्हाई, आन् गाडी बी दहाच्या वर जात न्हाई. इतकं खरं बोलतो, इतकं खरं बोलतो की त्याच्याकडं बघवत न्हाई. दूधवाला अजून बी पुढं जातो, पण आता काही विचारत न्हाई.

आन् परवा काय झालं, साहेब परत आले. मी म्हणलं, देव पावला, पारूबाईची घागर त्यांच्या मनाला लागली असणार. तर त्यांनी वेशीत उभं राहून माझ्या चार खेपा बघितल्या, वाकून मीटर बघितलं, त्यावर चढलेले आकडे बघितले, समाधानानं मान हलवली आन् जागच्या जागी शेरा मारला की सदर वाडीस वाहनाने पाणीपुरवठा सुरळीत चालू असल्याने टँकरची गरज नाही.

मी तोंड उघडलं होतं. म्हणणार होतो, साहेब, हे खोटं हाय. पण काय म्हणू? सगळ्या खेपा मीटरवर दिसायल्यात की. मीच आणलंय नांदेडहून नीट करून.

सरका जरा, घागरी लावायच्यात... काटा कशाला खोटं बोलंल?