दारात बसायला माणूस

...आणि वर मला म्हणतात लीडर! मी? अहो, पोस्टमनने जरा जोरात बेल वाजवली तर मी आधी स्वयंपाकघरात जाऊन लपते आणि मग तिथून विचारते, कोण आहे. तुम्हाला सांगते, मी घाबरट आहे. आज नाही, जन्मापासून. आमच्या गावात कुणालाही विचारा, शिवणकाम करणारी ब्लागुना म्हटलं की लोक सांगतील, ती ना, ती स्वतःच्या सावलीला वाट देते.

आता तुम्ही म्हणाल, मग बाई, नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांचं घर तुझ्याकडे कसं? बरोबर आहे, मलाही हाच प्रश्न आहे. आमची आधीची प्रमुख जर्मनीला गेली, म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला, इथले अर्धे लोक जातात तशी. जाताना किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. मी तिथे पडदे शिवायला गेले होते! म्हणाली, थोडे दिवस सांभाळ. त्याला आता चार वर्षं झाली. सुईत दोरा ओवत होते, मान वर केली तर मी संस्थाप्रमुख.

आणि संस्थाप्रमुख झालं की ते दुसरं मागे लागतं, तो गुरुवारचा गट. युरोपातल्या छोट्या छोट्या संस्था चालवणाऱ्यांना सीमेपलीकडच्या आपल्यासारख्यांशी जोडायचं, एकमेकांना आधार द्यायचा, कुणी एकटं पडू नये... कल्पना चांगलीच आहे हो. दर गुरुवारी संगणकापुढे बसायचं आणि मोडक्या इंग्रजीत बोलायचं. पडद्यावर सगळ्यांची डोकी, आणि मध्ये बेल्जियमची लीसबेट. बाई सोन्यासारखी, पण बोलते अशी की समोरच्याला झोप यावी. “ब्लाऽगुना... तुला आत्ता... मनातून... कशाची गरज वाटते?” आता मला काय वाटणार? मला वाटतं, कॅमेरा बंद व्हावा.

पण त्या गुरुवारी खरंच गरज होती. कारण त्रायचे.

हा त्रायचे म्हणजे वास्काचा नवरा. वास्का उन्हाळ्यात आमच्याकडे आली, हात गळ्यात बांधलेला, आणि आल्यापासून तोंडातून शब्द नाही. भाज्या चिरायची, भांडी घासायची, आणि पोलिसांत जबाब द्यायचं नाव काढलं की उठून आत जायची. आणि हा दुपारची जेवणं झाली की रोज यायचा. समोर गाडी उभी करायचा, काच खाली, सूर्यफुलाच्या बिया खात बसायचा आणि टरफलं आमच्या दाराकडे थुंकायचा. ओरडला असता तर परवडलं असतं हो! ओरडणाऱ्याची निदान सवय असते. हा मऊ बोलायचा. एकदा मी पिशवी घेऊन आत शिरतेय तर म्हणतो, “ब्लागुनाबाई, दार छान आहे तुमचं. लाकडी ना? जुनं लाकूड. चांगलं वाळलेलं.”

बास. एवढंच. माझ्या हातातली पिशवी सुटली, टोमॅटो पायऱ्यांवरून गडगडत गेले आणि मी ते उचललेसुद्धा नाहीत. चौकीत गेले. हवालदार म्हणाला, “त्याने काय केलं?” मी म्हटलं, दाराची स्तुती केली. त्याने माझ्याकडे असं बघितलं... आणि म्हणाला, “बाई, दाराची स्तुती हा गुन्हा नाही.” आता ह्यावर काय बोलणार? मी घाबरट आहे, मी त्यालाच सॉरी म्हणून आले.

तर लीसबेटने विचारलं, कशाची गरज वाटते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “कुणीतरी येऊन दारात बसावं.” एवढं बोलले आणि मला रडू आलं, आणि ते लपवायला मी टेबलाखाली वाकले, काहीतरी पडल्यासारखं.

मला काय माहीत हे लोक खरंच येतील!

सोमवारी बसमधून उतरली एवांथिया. ग्रीसची, सीमेपलीकडून, आमच्यापासून फार लांब नाही. विसरभोळ्या म्हाताऱ्यांचं दिवसभराचं घर चालवते. बुटकी, गोल, केसांना नुकता रंग लावलेला, आणि एकदा बोलायला लागली की श्वास कधी घेते ते देव जाणे. आमच्या देशाच्या नावावरून त्यांचं आमचं इतकी वर्षं भांडण, म्हणून ती नावच घेत नाही, “तुमच्या इकडे” म्हणते, “तुमच्या इकडे कॉफी बरी असते.” आणि दुसऱ्या दिवशी कॉर्नेल, रुमानियाचा, डोंगरात जंगल राखायची संस्था चालवतो. मी म्हटलं, चला, जंगलात राहणारा गडी, दणकट असेल. अहो कसलं काय! उंच, काटकुळा, चष्मा, आणि आमच्या गल्लीतलं मांजर आडवं आलं तर हा दोन पावलं मागे. रात्रीचं जेवण झाल्यावर मी हळूच विचारलं, तुला भीती वाटते का रे? म्हणाला, सारखी. एवांथियाला विचारलं. म्हणाली, प्रवासभर देवाचं नाव घेत आलेय. म्हणजे बघा, मला आधार द्यायला कोण आलं, तर माझ्यासारखेच आणखी दोन. तिघांच्या भीतीची बेरीज करा आणि काय येतं सांगा मला.

पण बसायचं म्हणजे नुसतं कसं बसणार? खुळ्यासारखं दिसतं. दिवस मिरच्यांचे होते, सगळं गाव फुटपाथवर लाल मिरच्या भाजत होतं, हिवाळ्यासाठी आयवार करायला, म्हणजे भाजक्या मिरच्यांची चटणी. मी म्हटलं, आपणही दारात शेगडी लावू. पत्र्याची शेगडी, खाली लाकडं, पाच पोती मिरच्या. एवांथिया भाजलेल्या सोलायला, कॉर्नेल लाकडं घालायला, आमच्या दोघी-तिघी बाया बिया काढायला. वास्का तेवढी आत, खिडकीच्या पडद्यामागे. तुम्ही म्हणाल, बाई, ज्याच्यापासून दार जाळायची भीती, त्याच्यासाठी दारात विस्तव तूच तयार ठेवलास? हो! हे माझ्या लक्षात केव्हा आलं, सांगते.

जेवणं झाली आणि गाडी आली. ह्या वेळी काच खाली झाली नाही, दार उघडलं. तो उतरला. हातात डबा. प्लॅस्टिकचा, पाच लिटरचा असतो ना, तसा. आणि वास... मिरच्यांच्या धुरातूनही मला तो पेट्रोलचा वास आला. ओरडावं म्हटलं तर आवाज नाही. मनात एकच, आत सहा बायका आहेत, मागचं दार अरुंद आहे, आणि मी घाबरट आहे, मी घाबरट आहे, मी घाबरट आहे.

आणि एवांथिया उठली. ती सरळ त्याच्याकडे गेली आणि तिने त्याचा हात धरला, दंडाला, हलकेच, जसा तिच्या एखाद्या म्हाताऱ्याचा धरत असेल, जो घर विसरून रस्त्यावर उभा आहे. आणि ग्रीकमध्ये सुरू. मऊ, न थांबता. काय बोलली? मागाहून मी विचारलं तर म्हणाली, चल बाबा, बस, उन्हात उभा राहू नकोस, जेवलास का, आई कशी आहे... तो इतका गोंधळला की चालायला लागला हो तिच्याबरोबर! तिने त्याला स्टुलावर बसवलं आणि हातात गरम मिरची दिली, सोल म्हणून.

तेवढ्यात कॉर्नेल पुढे झाला आणि पाहुण्याची पिशवी घ्यावी तसा त्याच्या दुसऱ्या हातातून डबा घेतला. घेतला खरा, पण घाबरून झाकणालाच धरला, झाकण निघालं आणि सगळं पेट्रोल त्याच्या पँटवर. आणि शेगडी कुठे? त्याच्यापासून दोन हातांवर.

आणि तेव्हा, तुम्हाला सांगते, माझ्या आतून एक आवाज आला, तो माझा नव्हताच. “पँट काढ!” मी आमच्या भाषेत ओरडले, पण पँटला सगळीकडे पँटच म्हणत असावेत, कारण त्याने तिथल्या तिथे काढली, लांब फेकली आणि पळाला. मी मिरच्या धुवायची बादली उचलून शेगडीवर ओतली. सगळी गल्ली धुराने भरली, आणि त्या धुरात मधोमध कॉर्नेल, शर्ट आहे, चष्मा आहे, आणि खाली निळी चड्डी.

समोरच्या म्हातारीने पोलिसांना फोन केला. महिनाभर मी बोलावतेय तर कुणी आलं नाही, पण चड्डीतला परदेशी म्हटल्यावर गाडी कशी लगेच आली! उतरला कोण, तोच हवालदार. कॉर्नेलला म्हणतो, कागद दाखव. कागद पँटच्या खिशात. पँट पेट्रोलात. एवांथिया ग्रीकमध्ये, कॉर्नेल रुमानियनमध्ये, मी कुठल्या भाषेत ते मलाच माहीत नाही, तिघं एकदम बोलतोय. आणि त्रायचे स्टुलावर बसलेला, शांत, अर्धी सोललेली मिरची हातात. “साहेब,” म्हणतो, “माझी गाडी इथेच बंद पडलीये. पेट्रोल आणलं होतं तिच्यासाठी. ह्या लोकांनी डबा हिसकावला.”

हवालदाराने मान हलवली. पटलं त्याला! मला दिसलं, आता हा उठणार, गाडीत बसणार, आणि उद्या पुन्हा येणार.

आणि दार उघडलं. वास्का बाहेर आली. हातातली सुरी आतच ठेवून आली होती, हात पुसत होती. नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हवालदाराला म्हणाली, “साहेब, ती गाडी डिझेलवर चालते. चौदा वर्षं मी शेजारी बसलेय तिच्यात.”

त्रायचेने मिरची खाली ठेवली.

मग ती म्हणाली, “आणि जबाब द्यायचाय मला. सगळा.”

त्याला नेलं. पुढे कोर्टाने त्याला गावात पाऊल टाकायची बंदी केली. वास्का आता आमच्याच स्वयंपाकघरात पगारावर आहे, आणि बोलते, अहो इतकी बोलते की कधीकधी... असो. मी मात्र अजून दुपारची जेवणं झाली की पडद्याआडून रस्ता बघते. सगळं निवळलं म्हणून भीती थोडीच जाते?

एवांथिया मिरच्यांच्या सहा बरण्या घेऊन गेली. कॉर्नेल आमच्या कपड्यांच्या ढिगातली फुलाफुलांची पँट घालून गेला. मी म्हटलं, सुटलो.

परवाच्या गुरुवारी लीसबेट म्हणाली, “कॉऽर्नेल... तुला... कशाची गरज वाटते?” तो म्हणाला, लाकूडचोरांनी त्याच्या गाडीच्या काचा फोडल्यात, दाराला मेलेला कोल्हा बांधून ठेवलाय, आणि बायको माहेरी गेलीये. म्हणाला, “कुणीतरी येऊन बसावं.” सगळे आपापल्या नखांकडे बघायला लागले. मी म्हणणारच होते, बाबा रे, मी घाबरट आहे. म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं? “कधी येऊ?”

नंतर मी त्याला वेगळा फोन केला. म्हटलं, अरे, विचार कर, कुणी शूर माणूस बघ, मी तिथे येऊन काय करणार? तर म्हणतो कसा, “शूर माणसं नकोत मला. ती एका जागी बसत नाहीत, काहीतरी करायला जातात.”

झालं. आता ह्यावर काय बोलणार? उद्या सकाळची बस आहे.