बोंडल्यातलं पाणी

वाशीला निघालेल्या एसटीचा पत्रा उन्हानं नुसता भाजत होता. अलिजाच्या मागच्या सीटवर सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर तान्हं बाळ.

“आत्या, बाळ रडतच न्हाय हो.”

“बोंडल्यानं पाणी पाजलंय न्हवं, म्हणून शांत हाय.”

“दुपटं सकाळपासनं कोरडंच हाय. अंगावर बी घेईना.”

“पोट भरलंय त्याचं.”

“नर्सबाई म्हणल्या, कितीबी ऊन असू दे, पाणी नगं. घडीघडीला अंगावरच पाज.”

“तिला काय कळतंय? माझी समदी लेकरं उन्हाळ्यात पाण्यावरच शांत झाली.”

“समदी? पर ह्यांना तर भाऊ-बहीण कुणीच न्हाय.”

“व्हय. तुझा नवरा एकटाच लई रडका. बोंडलं तोंडाला लावूच द्यायचा न्हाय.”

मागं पुन्हा पाणी ओतल्याचा आवाज आला, तशी अलिजा ताडकन उठून वळली.