दोन्ही कान झाकून

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे संगीतकार साहेब, आपले जुने ध्वनिमुद्रक, आजची सत्कारमूर्ती म्हणजे माझी धाकटी बहीण, आणि समोर जमलेले रसिकहो, सर्वांना माझा नमस्कार.

मोठ्या बहिणीनं धाकटीचं कौतुक करायचं नाही, तर कोणी करायचं? तिचा गळा गोड आहे, मेहनत खरी आहे, यात तिळमात्र शंका नाही. माझ्या लग्नाच्या आधीपासून आम्ही जोडीनं गायलो. एकाच माइकसमोर, खांद्याला खांदा लावून. ती श्वास कुठे घेणार, हे तिच्याआधी मला कळायचं.

मग स्टुडिओ नवा झाला. कॉम्प्युटर आला, प्रत्येकीला वेगळा माइक, वेगळा हेडफोन. ध्वनिमुद्रक म्हणाले, "दोन्ही कानांवर घट्ट बसवा, नाहीतर हेडफोनमधला आवाज माइकमध्ये शिरतो." मी आज्ञाधारक. धाकटी लहानपणापासून द्वाड, तिनं एक कान उघडाच ठेवला.

पहिल्याच गाण्यात मी ठेक्याच्या मागे पडले. पुन्हा घेतलं, पुन्हा मागे. काचेपलीकडून संगीतकार साहेब म्हणाले, "ताई, झोपलात का?" सगळे हसले. साहेब, आपल्याला आठवत नसेल. आपण फार व्यस्त असता.

आठवडाभर असंच चाललं. मग साहेबांनी बहिणीला बाजूला घेतलं आणि बहिणीनं मला. "ताई, तुझं वय झालं गं. थोडे दिवस आराम कर."

केला आराम. आमचे यजमान मला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. कान ठणठणीत! गळाही शाबूत. मग दोष डोक्यातच असणार, नाही का? मी स्वयंपाकघरात गुणगुणणंसुद्धा सोडून दिलं. यजमान बिचारे रेडिओ लावायचे, मी बंद करायचे.

गेल्या वर्षी माझ्या मुलीनं कपड्यांच्या कपाटाशेजारी छोटा स्टुडिओ मांडला. ती पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. म्हणाली, "आई, जरा बोल ना, माइक तपासायचाय." हेडफोन घातला, बोलले, तर माझाच शब्द मला किंचित उशिरा ऐकू आला. जीभ अडखळली. मी घाबरून हेडफोन काढला.

"बघ, हेच व्हायचं! माझं डोकंच बिघडलंय."

"डोकं कसलं, आई! तुझा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून परत येतोय. उशीर त्याचा आहे. थांब."

तिनं एक बटण दाबलं. आता माइकचा आवाज थेट कानात. "गा," म्हणाली आणि तबल्याचा ठेका लावला. मी गायले. अगदी ठेक्यावर. मुलगी टाळ्या वाजवत होती आणि मी संतापानं हेडफोन खाली आपटला. म्हणजे तेव्हा स्टुडिओत मी माझ्याच उशिरा येणाऱ्या आवाजासाठी थांबत होते म्हणून मागे पडत होते! बहिणीचा एक कान उघडा होता, तिला तिचा खरा आवाज ऐकू येत होता.

दुसऱ्याच दिवशी मी स्टुडिओ गाठला. ध्वनिमुद्रक भले गृहस्थ, खोटं बोलले नाहीत. "ताई, तुम्ही गेल्यावर दुसऱ्या एका गायिकेनं तीच तक्रार केली, तेव्हा लक्षात आलं. मी लगेच दुरुस्त केलं. तुमच्या बहिणीला सांगितलंही होतं. त्या म्हणाल्या, आता राहू दे, ती घरात रमलीये."

रमले होते मी.

बहिणीला विचारलं, तर खाली मान घालून म्हणाली, "ताई, तेव्हा मला पहिल्यांदा एकटीला गाणं मिळालं होतं गं." खरं बोलली.

असो. सत्काराच्या सभेत असं बोलू नये, एवढं मला कळतं. अध्यक्ष महोदय घड्याळ बघताहेत, तेव्हा आवरते. निवेदिकाबाईंनी आत्ताच जाहीर केलं की, शेवटी आम्ही दोघी जोडीनं गाणार. मला कोणी विचारलं नव्हतं. ते गाणं ती एकटी गाईल. तिला सवय आहे. मी खाली मुलीशेजारी बसून ऐकेन.

आयोजकांनी आठवणीनं बोलावलं, गाडी पाठवली, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर आपण सर्वांनी ते पोटात घालावं. माझ्या बहिणीनं मात्र लक्षात ठेवावं.

नमस्कार.