नळाखालचा रिकामा रकाना

—नाही गं, बरोबर जागी आलीयेस. डिझायनर मंडळींना प्रोग्रामिंग शिकवायचा वर्ग तो हाच. बाकीचे यायचेत, शिकवणारे गुरुजीही यायचेत — यायचेत म्हणजे येतील, न यायला काय झालं? — तू बस. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, खिडकीजवळची घे. तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना? मग झालं तर. मी? मी तुझ्यासारखीच, डिझायनर. खोली माझी, शिकवणं त्यांचं. मी आपली आधी येऊन फळा पुसते. आज दोनदा पुसला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं, तरी पुसला. हसतेस काय?

घाबरलीयेस का तू? अगं, डेटाबेस म्हणजे काही वाघ नाही. आपण डिझायनर कसे — कोपरे गोल करा, निळ्यात किंचित हिरवा मिसळा, आणि कोडचं नाव काढलं की डोकं दुखतं म्हणून घरी. मी पण तशीच होते. माझ्या दादाचं नळांचं दुकान आहे — बाथरूमचे, स्वयंपाकघरातले, नुसते नळच नळ — त्याची वेबसाइट मी केली, तर प्रत्येक नळाचं वेगळं पान हाताने बनवलं! किंमत बदलली की बसा, उघडा एकेक पान. तोंडाला फेस यायचा. मग गुरुजी आले. ते काय करतात, तर दुकानात नेऊन मला खण उघडून दाखवतात — हा खण नावाचा, हा किमतीचा, हा फोटोचा, हा माहितीचा. पान एकच ठेवायचं, ते पान खणातून वस्तू काढून मांडतं. बस्स! इतकं सोपं. मी दुकानातच ओरडले, वहिनी गल्ल्यावरून उठून आली, तिला वाटलं बोट चेमटलं.

आता पहिला धडा मीच देते तुला, ते येईपर्यंत. नळाची माहिती कुणी लिहिलीच नाही, रकाना रिकामा सोडला, तर पानाने काय दाखवायचं? ते आधीच ठरवून ठेवता येतं. त्याला म्हणतात डीफॉल्ट. कुणी काही बोललंच नाही तर काय समजायचं, ते. आणि इथेच आपले लोक मार खातात, कारण रिकामी जागा डिझायनरला बघवत नाही! काहीतरी भरतोच आपण, खोटंनाटं, तात्पुरतं. तर माझ्या ओळखीत एक बाई होती — होती एक, तू नाही ओळखत — तिने शिकता शिकता त्या डीफॉल्टमध्ये एक वाक्य घातलं. ‘तुम्ही आलात की फार बरं वाटतं. रोज येत जा.’ सहज. मनात आलं, घातलं. नंतर काढू म्हणाली आणि विसरली. आणि वहिनीने — म्हणजे त्या बाईच्या वहिनीने — नवा माल चढवला, सगळे नवे नळ, आणि माहितीचा रकाना रिकामा! का, तर म्हणे नळाला कसली आलीय माहिती, सोडला की पाणी येतं.

झालं! प्रत्येक नळाखाली — तुम्ही आलात की फार बरं वाटतं, रोज येत जा! बेसिनच्या नळाखाली, शॉवरखाली, त्या बागेतल्या पितळी तोटीखाली सुद्धा! अगं थांब, मला हसू आवरेना — लोक दुकानात यायला लागले! एक निवृत्त पोस्टमास्तर, ते तर रोज. नळ नको, काही नको, स्टुलावर बसतात, म्हणतात एवढ्या आपुलकीने कुणी बोलावलं नव्हतं हो. दादा मला फोनवर ओरडतोय आणि मागे वहिनी त्यांना चहा विचारतेय! … हो. माझाच दादा. मीच ती बाई. तू फार हुशार आहेस, लगेच ओळखलंस.

बरं, विचार, विचार. वाक्य कुणासाठी होतं? कुणासाठी म्हणजे — खण उघडून दाखवणारा माणूस एकच होता ना माझ्याकडे येणारा! दुपारी यायचे, दारात चष्मा पुसायचे, मग आत. मी चष्मा पुसायला मऊ फडकं आणून ठेवलं, तर ते फडकं बघून इतके लाजले की त्या दिवशी विषयच विसरले शिकवायचा. या वयात, सांग! माझे केस बघ, इथे पांढरे झालेत, आणि पायऱ्यांवर पाऊल वाजलं की मी आरशाकडे धावते — नको, जाऊ दे, तू शिकायला आलीयेस.

पण मी गाढवपणा काय केला माहितेय? दादाचा फोन ठेवला आणि घाबरून गुरुजींना लावला. ते वाचूनच बसले होते, आवाजावरून कळलं मला. आणि मी म्हटलं — अहो, ते काही नाही, आम्ही डिझायनर जागा भरायला काहीबाही टाकतो, त्याला काही अर्थ नसतो, काढून टाका. ‘बरं,’ म्हणाले. ठेवला फोन. त्या सगळ्या नळांखाली त्याच दिवशी खरी माहिती भरून टाकली त्यांनी, वाक्य गेलं. तेव्हापासून फिरकले नाहीत. दादाने तर माझ्याकडची साइटची किल्लीच काढून घेतली, म्हणजे डीफॉल्ट बदलायचा पासवर्ड, आता मला नुसते नळ चढवायची परवानगी, बाकी सगळं गुरुजींच्या हातात. आणि मीही कानाला खडा लावलाय — एकेक नळाची इतकी माहिती लिहिते, इतकी लिहिते, एक रकाना म्हणून रिकामा सोडलेला नाही. आजच्या वर्गाचं त्यांनी कबूल केलं होतं, पण ते त्या फोनच्या आधी. येतील ना गं? तुला काय वाटतं? तू कशी सांगणार म्हणा.

चल, धडा पुरा करू. हा बघ लॅपटॉप, सरक इकडे. नवा नळ घालूया, तू नाव सांग. ‘लाजाळू’? वा! नळ लाजाळू. किंमत टाक काहीही, मागाहून पुसू. फोटो हा. आता माहिती — नको, हात आवर, काही लिहू नकोस. त्या फोननंतर पहिल्यांदाच रिकामा सोडतेय. आता पान उघड. काय दिसायला हवं? काही नाही. कोरं. वाक्य तर त्यांनी काढलंय. बघ, आलं नळाचं नाव, आली किंमत, आणि खाली —

काय लिहिलंय? माझा चष्मा कुठेय? तू वाच. मोठ्याने नको.

…पुन्हा वाच.

‘खरंच काही अर्थ नव्हता?’

अगं, हे मी नाही लिहिलं. किल्लीच नाही माझ्याकडे. हे त्यांनी — पुसायच्या ऐवजी त्यांनी विचारलंय गं मला! त्या दिवशीच विचारलं असणार. आणि मी मूर्ख, रोज एकेक रकाना काठोकाठ भरत बसले, पितळ असं आणि पीळ असा, आणि हा माणूस तिकडे वाट बघतोय की ही कधी जागा रिकामी सोडते. मला वाटलं ते रुसले. सरक. सरक म्हणते ना! माहिती लिहायची परवानगी आहे मला, तेवढी पुरे. ‘होता. आहे. आत्ता या.’ घातलं. लाजाळूखाली घातलं. दादा ओरडेल? ओरडू दे. पोस्टमास्तर येतील? येऊ देत, त्यांनाही बसवू.

तू काय बघतेस? ऊठ. आज वर्ग नाही. बाकीचे जिन्यात भेटले तर सांग, उद्या. अगं, बॅग घे तुझी. गृहपाठ? गृहपाठ हाच — एक रकाना रिकामा सोडून बघ. जा आता. आणि दार ओढू नकोस, उघडंच राहू दे.