वालधुनीचं लग्न

मार्कांचं माझ्याशी बोलूच नका. आम्हाला कॉलेजात डिजिटल मीडियाच्या विषयात डॉक्युमेंटरीची असाइनमेंट होती. मी अंबरनाथला वालधुनी नदीच्या घाण पाण्याचं शूटिंग केलं, पण एडिटिंगला कॉम्प्युटर कुठला? उल्हासनगरात लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे कॅसेट दिली. त्याने सवयीने सजवली.

वर्गात लावली, तर काळ्या फेसावर गुलाबाच्या पाकळ्या, मागे सनई आणि बदामाच्या चौकटीत कारखान्याचा नाला! पोरं हसून लोळली.

सर म्हणाले, "नदीचं लग्नच लावलंस की! नवरा कोण?"

"नाला, सर."

"मग मुलीला कोणी विचारलं होतं का रे?"



सगळ्यात जास्त मार्क मला पडले. व्हिडिओवाल्याला पेढे द्यायला गेलो, तर तो म्हणतो, "देखा? शहनाई के मार्क हैं, भाई!"