गुळव्याच्या बायकोनं गूळ सोडला

लिवून घेताय तर समदं लिवा पावणं, मधलं गाळू नका, गाव मधलंच गाळून सांगतंय. मी डिंगोऱ्याचा. माझा बा गुळव्या, त्याचा बा गुळव्या. रान दीड बिघा, त्यात पोट भरत न्हाई, म्हणून उसाच्या हंगामात ज्याचं गुऱ्हाळ लागंल त्याच्या रस आटवायच्या काहिलीवर आमी. लाकडी चरक जाऊन लोखंडी आला, बैलांना सोपं झालं, पर काहिलीपाशी हुबा ऱ्हाणारा माणूस तसाच भाजत ऱ्हायला. पाक कवा उतरवायचा ते बोटाला कळतं, आन् माझ्या बोटाला ते लई लवकर कळाय लागलं. त्याची घमेंड बी व्हती, खोटं कशाला बोलू.

लगीन झालं. बायको सखू, माझ्या मामाच्या गावची. सहा वर्सं झाली, तिची कूस उजवंना. काय सांगू तुमाला, जो येईल तो वैद्य. कुणी म्हणालं वडाच्या पारंब्यांची कोवळी टोकं दुधात वाटून द्या, कुणी म्हणालं शिवलिंगीचं बी. आहुप्याच्या देवराईत काडी मोडायची न्हाई, पर खाली पडलेली साल चालती असं कुणी सांगितलं, तर माझी आई दोन दिस चालत जाऊन ती घेऊन आली. तो काढा एवढा कडू की सखू ओकायची, आन् आई फिरून पेला भरायची. उपास सखूचे, अंगारे सखूला. मला कुणी एक घोट दिला न्हाई, आन् मी मागितला बी न्हाई.

शेवटाला जुन्नरला एका म्हाताऱ्या वैद्याकडं आमी दोघं गेलो. त्यानं दोघांची नाडी बघितली, सखूला बाहेर बसवलं आन् मला इचारलं, काम काय करतोस. काहिलीवर, म्हणालो. कवापासनं, तर मिसरूड फुटायच्या आधीपासनं. म्हातारा म्हणाला, मग तिला कशाला काढे पाजताय? भाजलेलं बी पेरल्यावर रान काय करील? इस्तवापासून लांब ऱ्हा, गूळ बंद, तिखट बंद, तंबाखू बंद, गार पाण्यानं आंघोळ कर, रोज दूध आन् गोखरूची पूड घे, दोन वर्सं कर.

बाहेर आलो. सखूनं इचारलं, काय म्हणाले वो? माझ्या तोंडातनं गेलं, उष्णता हाय म्हणाले, तुझ्यात.

झालं. आता ते मागं कसं घ्यायचं? पथ्य माझं, पर ते लपवायला मी सखूलाबी तेच पाळाय लावलं, आन् घरात सांगितलं, तिला जोड म्हणून मीबी पाळतो. बाया म्हणाल्या, नवरा असावा तर असा.

धूर डोळ्याला सोसंना असं सांगून काहील सोडली, ऊस तोडाय लागलो. माझ्या जागेवरचा गडी रसाचं आधणामागनं आधण करपवायचा, वास पार फडात यायचा आन् माझा हात शिवशिवायचा. तंबाखूवाचून डोकं भणभणायचं. आन् सखू, गुळव्याची बायको, संक्रांतीला दुसऱ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवायची, स्वतःच्या जिभेला लावायची न्हाई. दोन वर्सं असं केलं राव, आन् पोर न्हाई ते न्हाईच. मी वैद्यावर चिडलो, आईवर चिडलो. सखूवर बी चिडायचो, तेबी लिवा.

मग आईनं आणे गावची पोरगी बघितली. दुसरं लगीन कर म्हणाली, ही वांझ हाय. पोरीचा बाप सुपारी फोडायला आमच्या घरी आला. सखू पाणी द्यायला वाकली, तांब्या कलंडला, पाणी त्या माणसाच्या धोतरावर सांडलं, आन् आई तिला नको नको ते बोलली. तवा मला ऱ्हावलं न्हाई. म्हणालो, सुपारी उचला, दोष माझ्यात हाय, वैद्यानं मलाच सांगितलं व्हतं, तुमच्या पोरीचंबी हेच व्हईल.

सखू रडली न्हाई. दोन वर्सं ठावं व्हतं तुमाला, एवढंच म्हणाली. मी म्हणालो, व्हय. ती आत गेली, ढेप फोडली आन् उंबऱ्यावर बसून समद्यांदेखत गुळाचा खडा खाल्ला. तो संपला तसा दुसरा घेतला.

गाव हसलं. मी फिरून काहिलीवर गेलो, तर पहिल्या आधणाचा नारळ मला फोडू दिला न्हाई, निपुत्रिकाचा हात नको म्हणाले. अजून बी नारळ फोडायला दुसरा आन् पाक बघायला मी. आता तुमीच सांगा, हात वाईट तर पाकाला कसा चालतो?

आता आमची दोघांची वयं उतरली, आस सुटली. सखू जेवाय वाढती, ताप आला तर उशाशी बसती, वाईट बोलत न्हाई. पर माझ्या शब्दावर तिचा भरवसा न्हाई. बाजारातनं येऊन मिठाचा भाव सांगितला तरी शेजारणीला इचारून घेती. पोर झालं न्हाई ते नशिबाचं म्हणून गिळलं, पर हे मी माझ्या हातानं केलं, हे गिळवत न्हाई. तुमी सुखी ऱ्हा पावणं, तुमच्या घरात पोरंबाळं नांदू द्या. आन् हे मी सांगितलं ते खरं का, तिलाबी इचारून घ्या. ती बघा, परसात हाय.