कोचला दोन वर्षं

कसली चिडले होते मी त्या दिवशी, सांगते. अमेरिकेत, ॲन आर्बरच्या आमच्या दोन खोल्यांत नवऱ्याची मित्रमंडळी कॉलेजची बास्केटबॉल मॅच बघायला जमली होती. टीव्हीची अँटेना कुणीतरी धरून उभं राहिलं तरच चित्र दिसायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. कडेवर चौदा महिन्यांची मुक्ता.

टीम हरत होती. नवरा भडकला, "काढा यार या कोचला! तीन वर्षांत काय प्रोग्रेस आहे?"

"अरे, यंग आहे तो," कुलकर्णी काका म्हणाले. "अजून दोन वर्षं द्या. घाई करून काही होत नसतं."

जाहिराती लागल्या, तसे काका माझ्याकडे वळले. "मुक्ता अजून चालत नाही? आमची दहाव्या महिन्यात पळत होती. डॉक्टरला दाखव एकदा."

त्याच काळजीनं माझी झोप उडालेली. आधाराला नवऱ्याकडे पाहिलं, तर तोही मान डोलावत होता!

मॅच पुन्हा सुरू झाली आणि मी अँटेना सोडली. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"अगं, शेवटची दोन मिनिटं राहिलीत!" नवरा ओरडला.

"टीव्ही यंग आहे हो," मी आत जाता जाता म्हटलं. "दोन वर्षं द्या त्याला."